वेलांटीनं केलेली विहीण

ये बाई, अशी आत ये, जवळ बस. उंबऱ्यावर एक पाय ठेवून बोलायची ही कुठली रीत? आणि मघापासून तुझं एकच चाललंय, ‘मावशी, ते कॉम्प्युटर-बिम्प्युटर आपलं काम नव्हं, ते शिकलेल्यांचं.’ शिकलेल्यांचं म्हणे! तू दहावी झालेली, मी सातवीतनं घरी बसलेली. तुझ्या डोक्यावर अजून काळे केस आहेत, माझ्या डोक्यावर जे काय उरलंय ते तू बघतेसच. तरी घाबरायचं तू आणि धीर द्यायचा मी? उलटंच झालं की हे. पदर खोच आणि बस. घरात भाकरीचा वास येईल, तेवढा चालवून घे. इतकी वर्षं कडक भाकरी थापल्यावर भिंतींनाही ज्वारीचा वास लागतो.

मला काही हौस नव्हती ते शिकायची, हे आधीच सांगते. गल्लीत बोलत होते, म्हातारीला चळ लागला म्हणून. बोलू दे. मला माझ्या वहिनीशी बोलायचं होतं, बास.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वळसंगला असते. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी परकरात होते, आणि तीही काही फार मोठी नव्हती. घरातली मोठी माणसं पाहुण्यांच्या मागं, आणि नवी नवरी माझ्याबरोबर परसात बसून कच्च्या चिंचा खातेय! तिथनं आमचं बोलणं जे सुरू झालं ते थांबलंच नाही. मी तिला वहिनी म्हणते आणि अगं-तुगं करते. ती मला ताई म्हणते, आणि रागावली की बाई म्हणते. माझं लग्न होऊन मी सोलापुरात आले. पुढं घरोघरी फोन आले, तेव्हापासून रोज दुपारी माझ्या भाकऱ्या नवी पेठेतल्या दुकानांत पोचल्या की मी हात धुऊन फोन लावायची. काय बोलायचो म्हणशील, तर काही नाही आणि सगळंच. कुणाच्या शेळीला तीन करडं झाली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, शेंगाच्या चटणीत लसूण कुणी जास्त घातला.

मग तिचे कान जायला लागले. एकदम नाही गेले, विझत आलेल्या चुलीसारखे हळूहळू. फोनवर आधी ‘काय म्हनलीस?’ एकदा यायचं, मग दर वाक्याला यायला लागलं, मग तिनं फोन भावाच्या हातात द्यायला सुरुवात केली. माझा भाऊ म्हणजे शब्द दाबून ठेवणारा माणूस. मी इकडनं पाव तास सांगायची, की लेकीची बदली झाली, घर बदललं, नवं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पाण्याचे हाल आहेत. तो तिला ओरडून सांगायचा, “बरी हाय म्हन्ती!” मग तिकडनं ती बराच वेळ काहीतरी सांगत असलेली मला मागनं ऐकू यायची, आणि हा मला म्हणायचा, “ती पन बरी हाय.” झालं आमचं बोलणं!

कानाचं मशीनही आणलं होतं. ते तिनं चार दिवसांत डबीत घालून ठेवलं. म्हणाली, “कानात शिट्टी वाजती सारकी. एसटीचा कंडक्टर बसलाय आत.”

तू म्हणशील, वळसंग काय लांब आहे का, जाऊन भेटायचं. जात होते की. पण समोर बसूनही ओरडावं लागायचं, आणि मी ओरडले की शेजारपाजारचे दारात यायचे, भांडण लागलं काय बघायला. हवापाण्याचं बोलणं ओरडून होतं बाई, मनातलं होत नाही. आणि तिला त्याची लाज वाटायला लागली. एका बारशाला कुणीतरी तिला आपला दीर वारल्याचं सांगितलं, तिला वाटलं जावई आल्याचं सांगतायत. ती हसली आणि म्हणाली, “लई चांगलं झालं!” त्या दिवसापासून तिनं बारशाला, लग्नाला, कुठंही जाणं सोडलं. सोलापूरला तर येईनाच. बोलून बोलून जिचं तोंड दुखायचं ती बाई भिंतीकडं बघत बसलेली मला बघवेना.

तिच्या सुनेनं एक बरं केलं. घरातला जुना मोबाईल तिला दिला आणि त्यात मेल येईल-जाईल असं करून दिलं. वहिनीला वाचायचं वेड पहिल्यापासून. वडापाव बांधून आणलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. मला वाटलं, हे तर लई सोपं झालं, मी लिहीन, ती वाचेल. घेतला मोबाईल हातात, तर तो माझं बोटच ओळखेना! तव्यावरची भाकरी उलथन्याशिवाय, नुसत्या हातानं उलटून उलटून माझी बोटं झालीयत लाकडासारखी. मी काचेवर दाबतेय, घासतेय, आणि तो मेल्यासारखा गप्प. नात म्हणाली, “आजी, त्याला वाटतंय तू चमच्यानं टोचतीयेस.”

आमच्या गल्लीतल्या विहाराच्या हॉलमध्ये तेव्हा बायकांसाठी कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात झाली होती. कुठल्यातरी ऑफिसातले जुने कॉम्प्युटर आणून मांडले होते, आणि शिकवायला होती पलीकडच्या पेठेतली एक तेलुगू बाई. आयुष्यभर ऑफिसात टायपिंग करून रिटायर झालेली. आम्ही तिला टीचरच म्हणायचो. मी दारातनंच विचारलं, “टीचर, तुमच्या मशीनला माझी बोटं चालतील का?”

तिनं माझा हात हातात घेऊन बघितला. म्हणाली, “अय्यो मावशी, ह्याला बटणं असतात. लाटण्यानं दाबलं तरी चालतंय!”

बटणांवर तिनं मराठी अक्षरांचे चिकट कागद लावले होते. मी ‘क’वर बोट ठेवलं आणि पडद्यावर क क क क अशी रांगच धावत सुटली, पार दुसऱ्या ओळीत गेली. मी घाबरून बोट आणखी दाबलं! टीचर पळत आली. “मावशी, भाकरी थापतो तसं नको. मीठ टाकतो तसं टाका. चिमटीनं.” तिनं हे सांगितलं आणि मला जमलं बघ. क्लिकसुद्धा तसंच. दोनदा क्लिक करायचं म्हणाली की बाकीच्या बायका एक आत्ता करायच्या, एक मागनं करायच्या. माझं मात्र पहिल्या फटक्यात, थप-थप! हाताला ताल होताच.

पासवर्डचं विचारू नकोस. मी ‘शेंगाचटणी’ असा टाकायला घेतला, तर टीचर म्हणाली, हितं इंग्रजी अक्षरं लागतात. मग एकेक अक्षर शोधून टाकायला लागले, तर नुसते ठिपके उमटायला लागले. मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा टाकला, पुन्हा ठिपके. मी शेजारणीला म्हटलं, “हे बघ गं, मी शेंगाचटणी लिहितेय आणि हे मेलं मोहरी टाकतंय.” टीचरनं कपाळाला हात लावला. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो म्हणून तर ठिपके येतात, आणि मी आख्ख्या हॉलला ओरडून सांगितला होता. दुसरा करावा लागला. तो नाही सांगणार तुला, तोंडाकडं बघू नकोस.

लिहिताना एक अडचण मात्र मला कळेना. ‘किती’ लिहायला गेले की वेलांटीखाली ठिपक्यांचं एक गोल यायचं, मध्ये भोक, अगदी मेदुवड्यासारखं. ‘दिवस’ लिहायला गेले, पुन्हा मेदुवडा. मला वाटलं, जुनं मशीन आहे, काही शब्द येत नसतील त्याला. म्हातारी माणसं नाही का विसरत. टीचरला कशाला सारखं विचारायचं? मी ते शब्दच टाळायला शिकले.

आणि एके दिवशी वहिनीला पहिला मेल लिहिला. छोटासाच. लई झालं आपण बोललो न्हाय, एवढा राग बरा न्हाय, आता रोज बोलायचं, असा. ‘राग’ आपलं चेष्टेनं. वर तिचं नाव म्हणून वहिनी लिहिलं, चष्मा पुसून एकदा वाचलं, आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर मी हॉलमधल्या सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं. टीचरनं उघडून दिलं आणि मी मोठ्यानं वाचायला लागले. पहिला शब्द झाला आणि पुढचं मनातच वाचलं.

‘बाई, एवडी वर्सं मनात ठेवून आता मला विहीन म्हनून टोमना मारलास व्हय? माज्या पोरीचा राग माज्यावर काडलास. लई वाईट वाटलं. पुन्यांदा लिवू नको.’

बाई! ताई नाही, बाई.

आता हे विहीण काय, ते तुला सांगायला पाहिजे. माझा मुलगा आणि तिची मुलगी, म्हणजे मामाची पोरगी आणि आत्याचा पोरगा, ह्यांचं लग्न होणार हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पोरं रांगत होती तेव्हापासून लोक आम्हा दोघींना विहिणी-विहिणी म्हणून चिडवायचे. पण पोरगी मोठी झाली, नर्सिंग शिकायला पुण्याला जाते म्हणाली, आणि आतेभावाशी लग्न करणार नाही म्हणाली. वहिनी तिच्या पाठीशी उभी राहिली. तिनं स्वतः येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, “असू दे गं.” विषय संपला. निदान मला वाटलं संपला. पण विहीण हा शब्द आमच्या दोघींच्या बोलण्यातनं तेव्हापासून जो गेला तो गेलाच. दुसऱ्या कुणाच्या विहिणीचं बोलायचं झालं तरी आम्ही ‘जावयाची आई’ म्हणायचो.

आणि मी तिला विहीण कधी लिहिलं? मी टीचरला म्हटलं, मशीननं माझं लिहिलेलं बदललंय. तिनं मी पाठवलेला मेल उघडला आणि पडद्यावर बोट ठेवलं. “मावशी, हे वाचा.”

मी वाचलं. ‘विहनी, लई झालं आपण बोललो न्हाय. एवढा राग बरा न्हाय.’

विहनी! आमच्याकडं ‘ण’चा ‘न’ होतो, पाणी म्हणजे पानी, त्यामुळं तिनं काय वाचलं असेल ते तूच बघ. आणि त्यापुढं ‘एवढा राग बरा न्हाय’!

टीचर हसायला लागली, पण माझं तोंड बघून थांबली. मग तिनं नीट समजावलं. आपण हातानं लिहिताना पहिली वेलांटी आधी काढतो आणि मग तिच्या पोटात अक्षर बसवतो. मशीनला तसं चालत नाही. त्याला अक्षर आधी लागतं, वेलांटी मागनं. मी ‘व’ काढला, मग हातानं काढते तशी वेलांटी आधी दिली, मग ‘ह’. मशीननं ती वेलांटी उचलून मागच्या ‘व’ला चिकटवली. आणि शब्दाच्या सुरुवातीला वेलांटी दिली की तिला बसायला अक्षरच नसायचं, म्हणून ते मेदुवडे.

“आता फोन करून सांगा की,” टीचर म्हणाली.

“कुणाला? तिला ऐकू येत नाही. भावाला सांगू? तो ओरडून काय सांगेल, ‘वेलांटी बरी हाय’?”

जाऊनही काय सांगणार होते? विहीण, पोरगी, नकार, हे सगळं वळसंगच्या गल्लीत उभं राहून ओरडायचं? पोरगी आता संसाराला लागलेली, जावई चांगला मिळालेला, आणि मी तिथं जुनं लग्न मोडल्याची दवंडी पिटू? मेलच लिहायला पाहिजे होता. आणि ह्या वेळी चुकून चालणार नव्हतं. चुकले असते तर वहिनी गेलीच होती माझी, ती पुन्हा वाचायलाच बसली नसती.

त्या दिवशी मी पानभर नुसतं वहिनी वहिनी वहिनी लिहीत बसले. व, ह, मग वेलांटी. हात ऐकेना, साठ वर्षांची सवय. बोट आधी वेलांटीकडंच धावायचं. मी डाव्या हातानं उजवा हात धरायची. शेजारची म्हणाली, “वहिनीचा जप चाललाय काय?” म्हटलं, तसंच समज. शेवटी वेलांटी ‘ह’वर नीट बसायला लागली, तेव्हा मी लिहायला घेतलं.

लिहिलं, की वहिनी, तुझी शपथ, टोमणा न्हाय. हाताची वेलांटी आधी, मशीनची मागनं, मला माहीत नव्हतं. विश्वास बसत नसेल तर तू तुझ्या फोनवर शनिवार लिहून बघ, वेलांटी आधी दे आणि काय होतंय ते सांग. आणि मी बोलतेय ते राग काढायला न्हाय, तुझ्याशिवाय मला करमत न्हाय म्हणून बोलतेय.

मग वाट बघत बसले. एक दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. माझ्या भाकऱ्या कच्च्या राहायला लागल्या, दुकानदार म्हणाला, “आज्जी, तब्येत बरी हाय ना?” तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये गेले आणि मेल उघडला तर वहिनीचं उत्तर.

‘ताई, म्या शनिवार लिवाय गेले, शिनवार आलं. रविवार लिवलं, रिववार आलं. सूनबाईनं केलं तिचं पन तसंच. मशीन आडानी हाय, त्याला शाळंत घाल.’

पहिला शब्द वाचला, ताई, आणि मी पुढचं वाचायच्या आधी टीचरला मिठीच मारली. ती बिचारी खुर्चीसकट मागं सरकली.

खाली आणखी लिहिलं होतं. ‘शिनवार नाव चांगलं हाय की. आटवडाभराचा शीन त्याच दिवशी निगतो.’ आणि मग थोडी जागा सोडून, ‘विहीन शब्द निगालाच हाय तर इचारते. खरंच राग न्हवता?’

बघ, हे तिनं इतकी वर्षं गिळून ठेवलं होतं. तिला वाटायचं मी मनातनं तुटले, वरनं गोड बोलते. आणि मला एक गोष्ट सांगायची होती जी मी कधी सांगितली नव्हती. तिनं नकार सांगितला त्याच्या आधीच माझा मुलगा माझ्यासमोर उभा राहून म्हणाला होता, “आई, मामाच्या पोरीच्या वेण्या ओढत मोठा झालोय मी, तिच्याशी कसलं लग्न करू?” तिला हे कसं सांगू ह्या विचारात मी, तोवर तीच नकार घेऊन आली! मग आमच्याकडनंही नकोच होतं असं म्हणायला जीभ रेटेना. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असंच वाटलं असतं तिला. म्हणून नुसतं ‘असू दे’ म्हटलं.

हे सगळं मी लिहिलं. वेलांट्या सांभाळत सांभाळत आख्खी दुपार गेली. तिचं उत्तर त्याच संध्याकाळी. ‘आगं भवाने! म्हंजे म्या उगाच रडले? तुज्या पोराला भेटल्यावर कान पिळते.’

पुढं मुलानं त्याचा जुना लॅपटॉप मला दिला, वळसंगला जाऊन मामीकडनं कान पिळवून घेतल्यावरच दिला म्हण. आता आमचं रोज चालतं. मी शब्द शोधायला, फोटो चिकटवायला, यूट्यूब लावायला सगळं शिकले, पण खरं सांगू, मला मेलच लागतो. तिनं मला करडांचे फोटो पाठवले. मी तिला चटणीचा पाठवला, तर म्हणते लसूण जास्त दिसतोय. फोटोत!

आणि मग तिनं लिहिलं, ‘मी येते सोलापूरला. पन कुनी वरडायचं न्हाय.’ किती वर्षांनी! मी गल्लीत सगळ्यांना ताकीद दिली. ती पिशवी घेऊन रिक्षातनं उतरली, पाय धुतले, आणि आम्ही दोघी कॉटवर लॅपटॉप मध्ये ठेवून बसलो. ती एक ओळ टाकायची, मी वाचायची, मी एक टाकायची, ती वाचायची. घरात आवाज नुसता बटणांचा आणि आमच्या हसण्याचा. पलीकडची डोकावली आणि घाबरून म्हणाली, “मावशी, दोघी एकमेकींशी बोलत न्हाई आणि हसताय कशाला?” मी वहिनीला ते लिहून दाखवलं, तर तिला ठसका लागला.

तिला मी एका बारशालाही नेलं. नको नको म्हणत होती. तिथं बायकांना सांगितलं, ओरडू नका, फोनवर लिहा. पोरीबाळी आपले फोन घेऊन तिच्याभोवती कोंडाळं करून बसल्या, आणि ही बाई चष्मा वर करून एकेकीला उत्तर देतेय, तोंडानं, खणखणीत आवाजात! बोलायला तर तिला येतच होतं की, कान तेवढे गेले होते. घुगऱ्या संपल्या तरी ती उठेना.

पुढच्या आठवड्यात ती परत येणार आहे, ह्या वेळी चांगली राहायला. तिला तुझ्याबद्दल लिहिलंय मी, की एक दहावी झालेली आहे, घाबरट आहे, पण बोलायला गोड आहे. ती म्हणते, आण तिला, बघू. तेव्हा आता सबबी नकोत. पोरांना शाळेत सोडलं की इकडंच ये. गरम भाकरी देईन, तुला आवडते तशी, अजून मऊ असताना. तिघी बसू. लवकर ये बाई.